इंझोरीतली नकली गोळी

"गोळ्या नकली आहेत!" रूपानं उंबऱ्यातूनच सांगितलं. "आमच्या बाबायले तो दुकानदार मारून राह्यला."

जानरावांनी चहाची बशी खाली ठेवली. कारंज्यात पल्लवी इंगोले खासगी तपासाचं काम करायची, आणि हे निवृत्त हवालदार तिची जीप चालवायचे. जीपबरोबर ते स्वतःचं डोकंही चालवायचे, पण जीप बरी चाले.

रूपाचे सासरे, इंझोरीचे शेषराव. फुफ्फुसाचा कॅन्सर, तोही पसरलेला. गाठीचा तुकडा तपासून डॉक्टरांनी रोजची एक गोळी लिहून दिली होती.

"पयले तोंडभर पुळ्या आल्या, पण खोकला पळाला. बाबा वावरात जाऊ लागले. आता चेहरा कसा साफ झाला, अन् खोकला परत आला. डॉक्टर म्हनते, असंच राह्यलं तं बाबा हाती लागत नाईत."

"गोळी देतं कोन?" पल्लवीनं विचारलं.

"मीच. सकाळी उपाशीपोटी, माह्या डोळ्यासमोर. गोळी तोंडात टाकतात, घोटभर पानी घेतात, तथागतापुढं हात जोडतात अन् मुकाट्यानं बाहेर पडतात. काई पुसलं तरी नुसती मान हलवतात. लालसिंगकाकाले भेटून आले का मंग बोलतात."

"दुकानदारच!" जानराव म्हणाले. "दाल में काला है."

औषधवाला श्रेयांस आरोप ऐकून पांढराफटक पडला.

"आजोबा कैलासचंदांपासूनचं नाव आहे, ताई. मी नकली गोळी विकीन? याच खोक्यातल्या गोळ्या धनजच्या चंपाबाई घेतात. त्यांना चांगला गुण आहे. फक्त तोंड पुळ्यांनी भरलंय म्हणून माझ्या नावानं बोटं मोडतात."

"ही गोळी कोनालेही चालते?" पल्लवीनं विचारलं.

"छे! ही काय सर्दीची गोळी आहे? गाठीच्या जनुकात ठराविक बिघाड असेल तरच गाठ आकसते. पुळ्या मात्र कुणालाही येतील, गाठीवर गोळी चालो न चालो."

तिथून जीप इंझोरीला गेली. शेषराव ओसरीत बाजेवर बसले होते. गाल गुळगुळीत, पण खोकल्यानं छाती हलत होती. शेजारी त्यांचा मित्र लालसिंग होता. त्यालाही तोच रोग. सुईच्या औषधानं डोक्यावरचे केस गेलेले, आणि नाकागालावर लालभडक पुळ्या.

"हे काय झालं, दाजी?" जानरावांनी लालसिंगला विचारलं.

"आंब्याची गर्मी."

जानरावांना ते शंभर टक्के पटलं. सध्या त्यांचंही दोन्ही वेळचं जेवण आमरसावरच चाललं होतं.

"यानंच माह्या थुंकीत रक्त पाहून मले ओढत दवाखान्यात नेलं," शेषराव म्हणाले. "नाई तं कवाच गेलो असतो. अन् पोरी, श्रेयांसले काई म्हनू नको. गोळी चांगली हाय."

"तुमाले कसं मालूम?" पल्लवीनं विचारलं.

शेषरावांनी नजर दुसरीकडं वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी श्रेयांसला घेऊनच आली. रूपानं गोळी दिली. शेषरावांनी पाणी घेतलं, हात जोडले आणि दाराकडं वळले. दारात लालसिंग उभाच होता.

"बाबा, तुमचं नाव काय?" पल्लवीनं मध्येच विचारलं.

शेषरावांनी मान हलवली.

"नाव तरी सांगा!"

ओठ घट्ट मिटलेले. रूपा घाबरली. "बाबा, बोला ना!"

"ते बोलनार नाईत," पल्लवी म्हणाली. "जिभेखाली गोळी हाय."

शेषराव मटकन बसले. हातावर गोळी काढली, ओली, पण अख्खी.

"आता मले समजावून सांग," जानराव म्हणाले.

"काका, नकली असती तं चंपाबाईले गुण आला नसता. गोळी खरी, तरी बाबाच्या पुळ्या गेल्या अन् खोकला परतला. म्हंजे ती पोटात जातच नवती. घोट घेऊनही मुकाट राहनारा मानूस तोंडात काईतरी सांभाळत असतो. मंग गोळी जाते कुठं? बाबा रोज सकाळी भेटतात एकालेच, अन् पुळ्याही त्याच्याच तोंडावर."

"पन आंब्याची गर्मी?"

"आंबे तुमी कमी खाल्ले का? तुमच्या तोंडावर हाय एक तरी पुळी?"

जानरावांनी गाल चाचपला.

लालसिंगच्या तोंडचं पाणी पळालं. "शेषा! तू तं म्हनला, दवाखान्यातून दोन-दोन गोळ्या भेटतात!"

"तुह्यी सुई लागू पडत नवती," शेषराव म्हणाले. "रोग एकच. मी खाऊ अन् तू पाहत राहशीन?"

"रोगाचं नाव एक, बाबा, गाठी दोन," पल्लवी हळूच म्हणाली. "तुमची गोळी त्यायच्या गाठीले चालंलच असं नाई. नुसत्या पुळ्या आल्या. अन् तुमी मात्र मरनाच्या दारात गेले."

रूपानं श्रेयांसपुढं हात जोडले. "चुकलं माह्यं, दादा."

"अहो, काका वाचले, मला सगळं मिळालं," श्रेयांस म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले.

शेषराव पुन्हा गोळी गिळू लागले. लालसिंगच्याही गाठीची तपासणी झाली. त्याचा बिघाड निराळा निघाला, आणि त्यावर औषध होतं, तेही निराळं. ते मानवलं.

पोळ्याला रूपानं पल्लवी आणि जानरावांना जेवायला बोलावलं. शेषरावांचा खोकला थांबला होता. पुरणपोळी मोडता मोडता लालसिंगनं शेषरावांकडं पाहिलं.

"बावळटा, तू मेला असता तं म्या कोनाकडं पाहून जगायचं होतं?"

शेषरावांनी त्याच्या पोळीवर तूप वाढलं.

"म्या बी हेच पुसलं होतं सोताले," ते म्हणाले, "तुले गोळी द्याच्या आंधी."