शेवटच्या खोलीतली बेल

इंटर्नशिपचा माझा तिसरा दिवस. दुपारचे अडीच वाजले होते. सर फोन कानाला लावून जेवत होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच यादी पुढे सरकवली. आठ पेशंटचं रक्त काढून लॅबला पाठवायचं, एवढंच काम.

आठवं झालं आणि वॉर्डच्या टोकाकडून बेल वाजली. थांबली. परत वाजली. कोणी हललं नाही. फरशी पुसणाऱ्या मावशी तर आणखीच खाली वाकल्या.

माझं डोकं फिरलं. तीन दिवस हेच बघत होते, हाक मारणारा पेशंट म्हणजे कटकट. मी तणतणत गेले.

पडदे ओढलेले होते. फिनाइलच्या वासाखाली आणखी एक वास होता, ओल्या लोखंडासारखा. पलंगावर माझ्या ताईच्या वयाची बाई. ओठ पांढरेफटक. बेलचं बटण मुठीत घट्ट.

"किती वेळ दाबतेय..." ती म्हणाली. "रक्त थांबत नाहीये..."

"मी आलेय ना. आधी रक्त तपासायला पाठवते."

तिचा हात गार होता. बाटली फार हळू भरली. नाव विचारलं तर म्हणाली, "सरांना माहितेय."

बाहेर येऊन मी मावशींना झापलं. "त्या बाईंकडे कोणी बघत का नाही?"

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं. "ती खोली रिकामी आहे, मॅडम. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी... ऑपरेशन झालेली बाई दुपारभर बेल वाजवत होती. सर म्हणाले, नाटकं आहेत. वायरच काढायला लावली. संध्याकाळी गेली ती."

मी परत जाऊन पाहिलं. पलंगावर गुंडाळलेली गादी, भिंतीवर वायरची दोन तुटकी टोकं. माझ्या हातातली बाटली मात्र कोमट होती.

तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी बाटली सरांसमोर ठेवली.

"वायर का काढलीत, सर?"

"चार दिवस झाले नाहीत येऊन, मला शिकवू नकोस. फेक ते."

मी फेकलं नाही. फॉर्मवर खोलीचा नंबर घातला, डॉक्टर म्हणून सरांचं नाव ठळक लिहिलं आणि स्वतः लॅबमध्ये देऊन आले.

तासाभराने सरांच्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला. लॅबवाले काका होते.

"अगं, त्या बाईंना रक्त लावलंत का? हिमोग्लोबिन दोनवर आलंय. आणि तुझा दुसरा नमुनाही मिळाला बरं का."

"मी एकच दिला, काका."

"एक बाई आत्ताच ठेवून गेल्या. पेशंट म्हणून तुझ्या सरांचं नाव आहे त्यावर..."

मी समोर पाहिलं. सर शर्टाची बाही पुन्हा पुन्हा खाली ओढत होते. कोपराच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या कापडावर, लाल डाग हळूहळू पसरत होता.