जैनब काय म्हणाली

माझा नवरा दिवसभर परक्या बायकांचे हात हातात धरतो, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. महाद्वार रोडला लागून एका गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. मणेराचा धंदाच तो. नवरीच्या मनगटावर हिरवा चुडा भरताना लियाकत तिच्याशी इतकं गोड बोलतात की पोरगी कळवळायचं विसरून जाते. घरी आले की मात्र तोंडाला कुलूप. गॅस संपला का, पाणी आलं का, मी पडतो जरा. आमचा संसार या तीन वाक्यांवर चालला होता.

मी जळायचे ती एकाच बाईवर, आणि ती मेलेली होती.

जैनब ही त्यांची पहिली बायको. कावीळ पोटात गेली आणि आठवड्याभरात ती संपली. पुढच्या वर्षी मी या घरात आले. मी शाहूपुरीत एका लॅबमध्ये रक्त तपासते. लग्नाचं वय उलटून चाललं होतं, माणूस निर्व्यसनी होता, मी हो म्हटलं. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता. मला वाटलं, बरं झालं, कटकट नाही. फोटो असता तर परवडला असता. फोटो भिंतीवरून काढता येतो.

लियाकत एरवी दर गुरुवारी आणि रमजानमध्ये रोज तिच्या कबरीवर जायचे. दुकान लवकर पोऱ्यावर सोपवून, दिवस कलल्यावरच्या असरच्या नमाजनंतर मला लॅबवरून घ्यायचे, यादवनगरला घरी जाता जाता बागल चौकातल्या कब्रस्तानापाशी गाडी थांबवायचे आणि आत जायचे. मी फाटकाबाहेर गाडीपाशी उभी. आमच्या घरच्या बायका आत जात नाहीत. जावं की जाऊ नये यावर जाणत्यांत दोन मतं आहेत, पण आमच्यात नाही.

"कबरीवर गेलं की काळीज मऊ हुतंय माणसाचं," ते म्हणायचे. "आन रमजानात एका नेकीचं पुण्य सत्तरपट. मेलेल्यालाबी कळतंय की, आपलं माणूस आलंय म्हणून."

मऊ व्हायचं ते खरं. पण घरी पोचेपर्यंत परत कडक व्हायचं, त्याचं काय?

फाटकातून मला सगळं दिसायचं. चाफ्याखालची तिसरी कबर, तिच्यावर सबजाचं हिरवंगार रोप. लियाकत त्याला पाणी घालायचे, हात उचलून फातिहा पढायचे, तोंडावरून हात फिरवायचे. इतर माणसं एवढं झालं की वळतात. हे खाली उकिडवे बसायचे आणि बोलायला लागायचे. मागे केएमटीच्या गाड्यांचे हॉर्न, समोर भिंतीच्या कडेला चरणाऱ्या शेळ्या, त्यामुळे शब्द ऐकू यायचे नाहीत, नुसते ओठ हलताना दिसायचे. मध्येच थांबायचे. समोरचा बोलत असताना आपण थांबतो तसे. मान हलवायचे. एकदा हसले. ते हसू मी घरात कधी पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशी मला अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते कळलं.

या रमजानच्या पहिल्या आठवड्यात माझी कानातली कुडी हरवली. मी कुणाला बोलले नव्हते. कब्रस्तानातून बाहेर येऊन गाडीला किक मारता मारता लियाकत म्हणाले, "तुजी कुडी मिक्सरखाली हाय बघ."

होती. मी म्हटलं, त्यांनी सकाळी पाहिली असेल.

मग मी लॅबच्या गच्चीवरून मिरजेच्या ताईला फोन केला आणि रडले. माणूस शेजारी असून नसल्यासारखा आहे, वगैरे वगैरे. त्या संध्याकाळी रोजा सोडताना हे म्हणाले, "मिरजेला जायाचं असलं तर जा की चार दिवस. गच्चीवर जाऊन रडायचं कशाला?"

"कोण सांगितलं तुम्हाला?"

"समजलं," एवढंच म्हणून त्यांनी कलिंगडाची फोड उचलली.

ताईनं शपथ घेतली की तिनं नाही सांगितलं. मी फोनची सेटिंग तपासली, पासवर्ड बदलला. माझा धंदा तपासण्याचा आहे. कारण सापडत नाही म्हणजे कारण नाही, असं मी मानत नाही.

तिसरी गोष्ट मात्र मला गिळता आली नाही. त्या दुपारी ऊन भयंकर होतं, रांगेतल्या बायकांची रक्तं काढता काढता माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मी नमुन्यांच्या खोलीत गेले, आतून कडी लावली आणि बाटलीभर पाणी प्यायले. आजवर मी रोजा असा तोडला नव्हता. कुणाला सांगणार? संध्याकाळी अजान व्हायच्या आधी लियाकतनी खजुराची ताटली माझ्यापुढे सरकवली.

"तू खा की. तुजा रोजा न्हाईच आज," ते म्हणाले. रागानं नाही. कीव करत म्हणाले.

मला भीती वाटायला हवी होती. मला संताप आला. मी त्या माणसाचे कपडे धुते, त्याच्या पथ्याचं करते, आणि ती तिथं आडवी पडून माझ्या चहाड्या सांगते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॅब बंद असताना मी एकटीच बागल चौकात गेले. डोक्यावरून ओढणी घेतली आणि सरळ आत शिरले. आत शिरताना कबरीतल्यांना सलाम करायचा असतो, तोही केला नाही. फातिहाही पढले नाही. चाफ्याखाली उभी राहून तिला वाट्टेल ते बोलले. तुला लाज वाटत नाही का म्हणाले. तुझी वेळ संपली, आता माझी आहे म्हणाले. असं बोलता बोलता पाय दुखले म्हणून बसले, आणि मग आवाज खाली आला. कसं कोण जाणे, मी तिला घरातलंच सांगायला लागले. त्यांचं घोरणं, खोकला, भाजीत मीठ कमी पडलं तरी न बोलता जेवणं. उत्तर काही आलं नाही. सबजाचा वास येत होता, शेळ्या चरत होत्या. फार हलकं वाटलं, हे मात्र कबूल करायला हवं.

उठले, मागची माती झाडली, आणि निघताना सवयीनं तोंडातून गेलं, "चल, येते मी. तूबी ये की घरी."

आमच्या गावात वाटेत भेटलेल्या माणसालाही असंच म्हणतात. म्हटल्यावर मी जीभ चावली. पण आता म्हणून झालं होतं.

त्या संध्याकाळी लियाकत कब्रस्तानातून लगेच बाहेर आले.

"काय झालं?"

"काय न्हाई. आज गप्पच हाय."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते आत बराच वेळ बसून राहिले, मान खाली घालून. बाहेर आले तेव्हा बाजारात पोर हरवलेल्या बापासारखा चेहरा झाला होता. घरी खजूर हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "तू गेलतीस काय तिथं?"

"गेलते."

मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी खजूर खाली ठेवला आणि सगळेच्या सगळे माझ्याकडे वळले. "काय म्हणाली?"

मी काही ऐकलं नव्हतं. पण त्या माणसानं माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं, आमच्या लग्नातसुद्धा नाही. खरं सांगून ती नजर घालवायला मी काही वेडी नव्हते.

"म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. दुकानात चाचपडताय."

लियाकत हसले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "तिचंच बोलणं हे," ते म्हणाले.

तिथून माझी चैन सुरू झाली. दुपारी मी एकटीच कबरीवर जाऊन यायचे. रोज रोजा सोडला की ते माझ्याजवळ सरकून बसायचे आणि मी त्या दिवशीची बातमी द्यायचे. सगळी मनची. म्हणाली, थंड पाणी पिऊ नका. म्हणाली, दुकानाचा बोर्ड रंगवून घ्या. ते उत्तर द्यायचे, जुन्या गोष्टी काढायचे, रात्रीच्या नमाजला निघेपर्यंत गप्पा चालायच्या. तिच्या नावानं का होईना, माणूस माझ्याशी बोलत होता. मला वाटलं, जिंकले.

एकदा म्हटलं, "पन्हाळ्यावर तुमची चप्पल दरीत पडलेली, ते आठवून हसत होती." लग्नानंतर पन्हाळ्याला सगळेच जातात, आणि माझ्या मामाची तिथं पडली होती, म्हणून सुचलं.

लियाकत एकदम थांबले. "अनवाणी उतरलोय मी. कुणाला म्हणून सांगितलं न्हाई ते."

लॅबमध्ये निकाल विचित्र आला की नमुना परत तपासतात. मीही तपासायचं ठरवलं. जुळणारच नाही असं काहीतरी घ्यायचं. भाजी चिरता चिरता जे डोक्यात आलं ते दुसऱ्या संध्याकाळी ठोकून दिलं, "तुमच्याकडे एक पांढरी कोंबडी होती म्हणे, तिचं नाव तुम्ही हंबीरराव ठेवलेलं."

ते माझ्या आणखी जवळ सरकले.

"कोंबडी न्हवं," ते हळू म्हणाले. "कोंबडा हुता."

त्या दिवसापासून मी कब्रस्तानात जाणं बंद केलं. त्यांना सांगितलं नाही. वाटलं, आता सुचणार नाही आणि हे आपोआप विझेल. पण ते जवळ येऊन बसले की तोंड आपोआप उघडायचं. आधी मी दुपारभर जुळवाजुळव करायचे, आता तीही लागेना. वाक्य निघून गेल्यावर मला कळायचं की असं असं आपण बोललो. शब्दही माझे नसायचे. मी मिरजेची, विस्कटण्याला 'इस्कोट' म्हणणं माझ्या तोंडी कधी नव्हतं. लियाकतना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. ते दिवसेंदिवस टवटवीत होत चालले होते. कब्रस्तानापाशी गाडीही थांबवेनासे झाले.

सरळ घरी यायचे. घाईनं.

मी तेव्हा ठरवलं की आता पुरे. ईदचा चाँद दिसेल त्या संध्याकाळी शेवटचा निरोप द्यायचा आणि तिला कायमची वाटेला लावायची. वाक्य मी सकाळीच ठरवलं. लॅबमध्ये दिवसभर मनात घोकलं, सुई टोचताना, काचा पुसताना, गाडीवर त्यांच्या मागे बसून. हे वाक्य माझं असणार होतं, एकेक शब्द.

चाँद दिसला. गल्लीत पोरं ओरडत पळत होती. मी शीरखुर्म्यासाठी खारका भिजत घातल्या आणि बाहेर आले. लियाकत सतरंजीवर वाट बघत बसले होते.

"काय म्हणाली?"

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांचा हात हातात घेतला.

"म्हणाली, मला आता सोडा. माझं झालं. तहसीन तुमची बायको आहे, तिच्याकडे बघा. तिच्याशी बोला."

एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माझा आवाज माझाच होता. मला रडू आलं.

लियाकतनी शांतपणे ऐकून घेतलं. हात सोडवून घेतला नाही. उलट मनगट अलगद दाबलं, बांगडी चढवण्याआधी दाबतात तसं.

"बरं," ते म्हणाले. "हे तहसीनचं झालं."

आणि माझ्याच डोळ्यांत बघत, ज्या आवाजासाठी मी इतकी वर्षं फाटकाबाहेर उभी राहिले होते त्या आवाजात म्हणाले, "आता तू सांग."

मी ओठ घट्ट मिटले.

ते उघडले.

मी काहीतरी बरंच लांब बोलले. लियाकत आधी गालात हसले, मग मोठ्यानं, मग डोळे पुसत पुसत. माझा गळाही हसत होता.

कशाला हसत होते दोघं, ते मला कुणी सांगितलं नाही.