आरोहीची आई

रात्र, अमावास्या, स्मशानाची वाट असलं काही या गोष्टीत नाही. जे झालं ते सिरसाळ्यात, लख्ख उन्हात, वैशाखातल्या दुपारी झालं. आणि त्याची सुरुवात एका अगदी साध्या कुरकुरीने झाली. कावेरीच्या लॅपटॉपचं वायफाय सारखं जात होतं.

थंडी सरता सरता कावेरी लग्न होऊन या घरात आली होती. येताना आपलं कामही घेऊन आली. डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट पुण्याहून यायचे. कानाला हेडफोन लावून ते ऐकायचे, टाइप करायचे आणि संध्याकाळच्या आत परत पाठवायचे. तिचा स्वतःचा लॅपटॉप लग्नाच्या धावपळीत पडून फुटला होता. तेव्हा तिच्या नवऱ्याने, संगमेश्वरने, कपाटाच्या वरच्या खणातून एक जुना काढला, उपरण्याने पुसला आणि तिच्यापुढे ठेवला.

"शिवलीलाचा हाय," तो खाली बघत म्हणाला. "दुकानाची बिलं करायची ती. चालंल ना तुला?"

शिवलीला त्याची पहिली बायको. डेंग्यूच्या तापाने गेली तेव्हा त्यांची मुलगी आरोही जेमतेम बोलायला लागली होती. आता आरोही शाळेत जात होती.

"चालंल की," कावेरी म्हणाली.

घर मोठं नव्हतं. रस्त्याच्या अंगाला संगमेश्वरचं बी-बियाणं आणि खताचं दुकान, त्याच्या पाठीमागे राहायच्या खोल्या, मग अंगण. अंगणापलीकडे पत्र्याचं गोदाम. घरात माणसं चार. संगमेश्वर, त्याची आई नीलाबाई, कावेरी आणि आरोही. त्यातल्या तिघांचं एकमेकांशी लवकरच जमलं. आरोहीचं जमलं नाही. पोर रुसत नव्हती, भांडत नव्हती. कावेरी खोलीत आली की नुसती उठून जायची. कधी कॉटखाली, कधी दुकानातल्या पोत्यांमागे, कधी देव्हाऱ्याच्या आडोशाला. जेवायला वाढलं तर म्हणायची, "तुमी ठेवा. मी घेते." अंबाजोगाईला माहेरी फोन करताना कावेरी हे कोणाला सांगायची नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

तर ते वायफाय.

स्वयंपाकाला किंवा पाणी भरायला उठलं, की लॅपटॉप झोपी जायचा. परत येऊन झाकण उघडलं की पडदा उजळायचा, पण वायफाय तुटलेलं. राउटरवरचे हिरवे दिवे मात्र व्यवस्थित लुकलुकत असायचे. बंद करून चालू केलं की जोडलं जायचं आणि पुढच्या झोपेनंतर पुन्हा तेच. रिपोर्ट अडकायचे. पुण्याची मॅनेजर आधी गोड बोलली, मग जरा कमी गोड बोलली.

शेवटी भागवतला बोलावलं. गावात इंटरनेटची लाइन त्यानेच ओढली होती. तो आला, चहा प्याला, मांडी घालून लॅपटॉप पुढ्यात घेतला.

"वहिनी, ही जुनी मशीन झोपली ना, की करंट वाचवायला वायफायबी झोपवती. मग जागी झाल्यावर गांगरती. आपण कुठं जोडलेलो हुतो, हेच तिला आठवत न्हाई." त्याने आत कुठेतरी जाऊन करंट वाचवायची ती खूण काढली, वायफायचा ड्रायव्हर नवा घातला. "आता बघा."

झाकण लावलं. थोडा वेळ थांबून उघडलं.

भागवत पुढे वाकला. मग हळूच मागे सरकला.

"काय झालं?"

"काय न्हाई… जोडलं गेलं." त्याचा आवाज एकदम खाली आला होता. "पण तुमच्या राउटरला न्हाई."

पडद्यावर कोपऱ्यात नेटवर्कचं नाव होतं. मराठी अक्षरांत. आरोहीची आई.

"ह्ये कोणाचं हाय?" कावेरीने विचारलं.

कपात चहा उरला नव्हता, तरी त्याने कप तोंडाला लावला. "शिवलीला वहिनींच्या फोनचं हॉटस्पॉट. लाइन गेली की त्या फोनवरून नेट घ्यायच्या. नाव मीच टाकून दिलतं. त्या म्हणल्या, माझं नको, असं टाक… आता मशीनला जुनं नाव ध्यानात ऱ्हातं, वहिनी, त्यात काय नवल न्हाई. पण त्यासाठी तो फोन… जवळपास चालू लागतो."

रात्री कावेरीने संगमेश्वरला विचारलं. तो उठला आणि लोखंडी कपाटातून एक रुमालाची गाठ काढून आणली. आत शिवलीलेचा फोन होता. बॅटरी फुगून पाठचं झाकण उचकटलं होतं, म्हणून बॅटरी त्याने केव्हाच काढून टाकली होती. फोनच्या पोटात नुसता चौकोनी खड्डा.

"टाकवला न्हाई," तो म्हणाला. फोन परत रुमालात बांधत म्हणाला, "आरोहीला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी कावेरीने ते नाव शोधलं. त्यावर दाबलं की 'हे नेटवर्क विसरा' असं करता येत होतं. तिचं बोट बराच वेळ तिथेच थांबलं. एखाद्या परक्या घरातला फोटो भिंतीवरून उतरवताना वाटावं तसं काहीतरी तिला वाटलं. तरी तिने दाबलं. काम तर करायला हवं होतं. मशीन विसरली. संध्याकाळी झाकण उघडलं, तर नाव पुन्हा आपल्या जागी.

मग तिला भीती वाटली का? वाटली, पण ती वेगळीच. या घरात आरोहीची आई कोण, हे ते मशीन तिला रोज नव्याने दाखवत होतं, आणि तिला ते सलत होतं. एकदा भरलेल्या डोळ्यांनी ती पडद्याला म्हणालीसुद्धा, "बाई, मी तुमचं काय घेतलंय? ती तर मला जवळबी येऊ देत न्हाई…"

पडदा काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून ती लक्ष ठेवू लागली, आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. नावापुढची ती रेंजची पंख्यासारखी खूण कमीजास्त व्हायची. आरोही शाळेत असली की नाव दिसायचंच नाही. घरी आली की एक बारीक रेघ उगवायची. अंगणात खेळत असली तर दोन. आणि आरोही दाराआड उभी राहून कावेरीकडे चोरून बघत असली, की सगळ्या रेघा भरायच्या. नीलाबाई नातीला घेऊन तलवाड्याला पाव्हण्यांकडे गेल्या, तेव्हा सगळे दिवस वायफाय एकदाही तुटलं नाही.

कावेरीने कोणाला काही सांगितलं नाही. पण ते नाव विसरायला लावायचं तिने सोडून दिलं. काम अडलं तर बंद करायची, चालू करायची. दुपारी नाव उगवलं की "आली का पोरगी," असं मनाशी म्हणायची आणि चुलीवर दूध ठेवायची.

मग ती दुपार आली.

संगमेश्वर माल आणायला परळीला गेला होता. नीलाबाई मठात गेल्या होत्या. सकाळी खताचा टेम्पो आला, हमाल शहादेवने पोती गोदामात लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून तो जेवायला गेला. ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. लाइट गेलेली. राउटरचे दिवे विझलेले. काम होणार नाही म्हणून कावेरीने लॅपटॉपचं झाकण लावलं, हेडफोन काढून ठेवले आणि ती फरशीवर आडवी झाली. तिला डुलकी लागली असावी.

कसल्याशा उजेडाने ती जागी झाली. लॅपटॉपचं झाकण उघडं होतं. पडदा पेटलेला. कोपऱ्यात ते नाव, आणि त्यापुढे एकच रेघ, तीही विझत, पेटत.

आपण झाकण लावलं होतं. तिला पक्कं आठवत होतं.

तिने झाकण लावलं. ते हाताखालीच गरम झालं, आतला पंखा घरघरला, आणि फटीतून उजेड बाहेर आला. तिने उघडलं. नाव होतं. रेघ पेटत होती, विझत होती. धाप लागलेल्या माणसासारखी.

"आरोही?" तिने हाक मारली.

घरात कोणी ओ दिली नाही. कॉटखाली नव्हती. देव्हाऱ्याशी नव्हती. दुकानाचं शटर खाली होतं. बाहेर उन्हाचा नुसता सूं असा आवाज येत होता.

कावेरीने लॅपटॉप दोन्ही हातांवर घेतला, जसं ताट घेतात तसा, आणि ती चालू लागली. पुढच्या खोलीत रेघ नाहीशी झाली. ती मागे फिरली. स्वयंपाकघरात एक रेघ. मागच्या दारात दोन. अनवाणी पायांनी ती अंगणात उतरली. फरशी तव्यासारखी तापली होती, पण तिचं लक्ष पडद्यावर होतं. उन्हात अक्षरं दिसेनात, म्हणून तिने डोक्यावरचा पदर पडद्यावर ओढला आणि त्या अंधारात डोकं घालून पुढे गेली. हौदापाशी रेघा कमी झाल्या. गोदामाकडे वळली तशा वाढल्या. दारापाशी पोचली आणि सगळ्या रेघा भरल्या.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

"आरोही… आत हायस का गं?"

आतून काहीच नाही. फटीला नाक लावलं तर उग्र, डोक्यात जाणारा वास आला. फवारणीच्या औषधाची बाटली फुटल्याचा.

पुढचं तिने कसं केलं ते तिलाही नीट सांगता येत नाही. भिंतीला टेकवलेली पहार उचलली, कोयंड्यात घातली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. कोयंडा खिळ्यांसकट उपटून आला. आत भट्टी होती. मागच्या बाजूची पोत्यांची थप्पी घसरली होती, आणि ती थप्पी आणि भिंत यांच्यामधल्या चिमट्यात आरोही अडकली होती. पोती उतरत होती तेव्हा ती आत लपली असणार. ओरडली असेल, पण ऐकणारी झोपली होती. डोळे मिटलेले. ओठ कोरडे.

कावेरीने पोती ओढली. नखं फाटली. पोरीला छातीशी धरून ती बाहेर धावली, तिला हौदात बुडवलं, पुन्हा उचललं आणि तशीच ओलीचिंब रस्त्याने दवाखान्याकडे पळत सुटली. वाटेत आरोहीने डोळे उघडले. कावेरीच्या गळ्याभोवती हात टाकले आणि म्हणाली, "आई, सोडू नको."

ती कोणाला म्हणाली, हे कावेरीने तेव्हा विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. सलाइन लावलं, दिवेलागणीला घरी सोडलं. संगमेश्वर परळीहून धावत आला होता. तो पोरीच्या पायापाशी बसून कावेरीच्या फाटलेल्या नखांवर हळद लावत राहिला. लाइट आली. लॅपटॉप अंगणातच पडला होता, तो कावेरीने आत आणला, उघडला. घरच्या राउटरला मुकाट जोडला गेला. ते नाव यादीत कुठेच नव्हतं.

नंतर लाइट मालवून ती आरोहीपाशी बसली. पोर कुशीवर झोपली होती, डोकं कावेरीच्या मांडीवर. मांडीवरचा टॉवेल ओला झाला म्हणून कावेरीने तिची मान जरा उचलली, आणि तेव्हा तिची वेणी हाताला लागली.

कावेरी थांबली. सकाळी आरोहीने आपले केस कोणाला विंचरू दिले नव्हते. तशीच विस्कटलेली खेळायला पळाली होती. आता तिच्या पाठीवर घट्ट, चापून घातलेली वेणी होती. हौदाच्या पाण्यानेही न गेलेलं तेल त्यावर चकाकत होतं.

"आत्याबाई… हिची वेणी तुमी घातली?"

नीलाबाई देव्हाऱ्यातला दिवा घेऊन जवळ आल्या. वाकून बघितलं.

"चारपेडी," त्या पुटपुटल्या. "मला कुठं येती ही. ह्या घरात एकटीच घालायची…" त्यांनी पोरीच्या अंगावर पांघरूण ओढलं. "राहू दे, कावेरी. सोडू नको रातभर."

त्या देव्हाऱ्याकडे गेल्या. पण टोकाची गाठ आधीच सैल झाली होती, आणि वेणी कावेरीच्या बोटांत आपोआप उलगडू लागली. पहिला पेड सुटला, मऊ, खांद्यापर्यंतचा. दुसरा तसाच. तिसरा तसाच. चौथा सुटेना. तो आरोहीच्या केसांचा नव्हताच. दाट, काळाभोर, बाईमाणसाचा लांब पेड तो. पोरीच्या मानेपासून निघून तो कावेरीच्या मांडीवरून खाली गेला होता, कॉटच्या कडेवरून आणखी खाली, जिथे देव्हाऱ्यातल्या दिव्याचा उजेड पोचत नव्हता.

कावेरी ओरडली नाही. आरोही दचकली असती. तिने एक लांब श्वास घेतला, तिन्ही पेड सारखे केले, आणि चौथा उचलून त्यांच्यात गुंफायला लागली. तिला ही वेणी येत नव्हती. एका पेडावर दुसरा, मग खालून… बोटं चुकली. थांबली.

तेव्हा कॉटखालच्या अंधारातून त्या चौथ्या पेडाला हलकासा ताण आला. शिकवणाऱ्या बाईने पेडाचं टोक धरावं, तसा. आणि कावेरी पुढचा वेढा बरोबर घालेपर्यंत तो ताण तसाच, धीराने, थांबून राहिला.