कुशाआत्याची मीटिंग

मी बारामतीत कॉम्प्युटरचे क्लास घेते. निम्मे विद्यार्थी ऑनलाइन असतात, त्यामुळे 'मॅडम, आवाज येईना', 'मॅडम, कॅमेरा लागंना' ऐकतच माझा दिवस सुरू होतो. उत्तर ठरलेलं. परवानगी द्यायची का, असं विचारतंय ना? मग 'अलाऊ' दाबा. घाबरू नका.

त्या रविवारी कुशाआत्याच्या दोन्ही मुलांनाही मी हेच सांगितलं.

आत्या पोटाच्या ऑपरेशनसाठी डाळजहून माझ्याकडे आली होती. मंगळवारची तारीख मिळाली होती. थोरला रविराज डाळजला शेती बघायचा, धाकटा ऋषिराज वालचंदनगरला क्वार्टरमध्ये राहायचा. मधे तासाभराची वाट. नऊ वर्षांपूर्वी गोठ्यात दोघांची मारामारी झाली आणि रविराजनं कुदळीच्या दांड्यानं ऋषिराजचा खांदा मोडला, एवढंच आम्हा नातेवाइकांना माहीत होतं. कशावरून, ते त्या घरात कुणी बोलत नसे. त्यानंतर दोघं एका पंगतीला बसले नव्हते.

"एकदा दोघांस्नी शेजारी शेजारी बघू दे," आत्या म्हणाली. "मग डॉक्टर काय बी करू दे."

समोरासमोर यायला कुणीच तयार होईना. ऑनलाइन मीटिंगला मात्र दोघं हो म्हणाले.

सकाळी अकरा वाजता मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. आत्या आंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून समोर बसली. मी आधी रविराजला फोन लावून माईकची परवानगी द्यायला लावली. त्याचा आवाज आला आणि त्यामागून साखळीचा. दावणीला बांधलेलं जनावर मान हलवतं तसा.

"दादा, गोठ्यात बसलायस का?"

"न्हाय, माडीवर हाय. गोठा पाडून चार वर्सं झाली की."

शेजारच्यांची गुरं असतील. मी ऋषिराजचा माईक चालू करून घेतला. त्याच्याकडूनही तीच साखळी ऐकू आली, त्याच लयीत. मी रविराजचा आवाज बंद करून पाहिला. साखळी थांबली नाही. आवाज एकमेकांत घुमतोय, असं म्हणून मी पुढं गेले.

कॅमेरे लागले. एका चौकटीत रविराज, मागं खिडकी. दुसरीत ऋषिराज, मागं पांढरी भिंत आणि कॅलेंडर. दोघंही पासपोर्टचा फोटो काढायला बसल्यासारखे ताठ. आत्यानं दोघांच्या गालांवरून बोट फिरवलं. लॅपटॉप टचस्क्रीनचा होता, चौकटी लहानमोठ्या झाल्या.

"जेवलास का रं, रुशी?"

"व्हय."

मग रविराजनं विचारलं, "खांदा कसा हाय?"

"थंडीत दुखतो," ऋषिराज म्हणाला. आणि किंचित हसला.

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही. तिथंच मी मीटिंग बंद करायला हवी होती.

पण आत्याला फोटो बघायचा होता. तिचे मालक, त्यांची बैलजोडी आणि बैलांवर बसवलेली ही दोन पोरं. तो रविराजच्या फोनमध्ये होता. मी त्याला स्क्रीन शेअर करायला सांगितलं.

"समदं दिसंल म्हणतंय," तो म्हणाला.

"दाब. काही होत नाही."

त्याच क्षणी माझ्या लॅपटॉपवरही तीच चौकट उघडली. परवानगी द्यायची का? आत्यानं माझ्याकडं पाहिलं.

"व्हय म्हणू का गं?"

मी मान हलवली. तिनं बोट टेकवलं.

पडद्यावर फोटो आला नाही. एक गोठा आला. दारातून बघावा तसा. शेणाचा ओला थर, कडब्याची पेंढी, साखळीला हिसडे देणारी गाय. आणि मधे रविराज, नऊ वर्षांनी लहान, हातात दांडा.

ऋषिराज खाली पडलेला होता. पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून स्वच्छ आला.

खालच्या चौकटीत, वालचंदनगरच्या पांढऱ्या भिंतीपुढं, ऋषिराजचा खांदा खाली गेला.

"दादा, न्हाय," तो म्हणाला. दोन्हीकडून.

शेजारच्या चौकटीत रविराज खुर्चीत होता. मुठी रिकाम्या. त्या वर जात होत्या आणि खाली येत होत्या. "माधवी, बंद कर," तो ओरडला. "मला थांबवता येईना!"

दुसरा घाव. तिसरा कानावर. कॅलेंडरवर रक्ताची तिरपी रेघ उमटली.

मी मीटिंग बंद केली. चित्र गेलं नाही. मी बटण दाबून धरलं, लॅपटॉप मिटला, उघडला.

गोठा तिथंच होता.

मारणारा दमून धापा टाकत होता. तरी मारत होता.

मी आत्याकडं वळले. ती पापणी न लवता बघत होती. ओठ हलत होते. "मी दारातच हुते," ती पुटपुटत होती. "दारातच हुते. सोडवाय गेले न्हाय."

मी तिच्या डोळ्यांवर हात ठेवला.

पडदा काळा झाला.

ऋषिराजच्या बायकोनं, निकितानं, दार फोडून घेतलं. खोलीला आतून कडी होती. त्याचा खांदा, जबडा आणि दोन बरगड्या मोडल्या होत्या. बारामतीच्या दवाखान्यात त्याला आणलं, तेव्हा तो शुद्धीवर नव्हता. पोलीस डाळजला गेले. मीटिंगभर रविराजची बायको प्रगती माडीच्या जिन्यात उभी होती. तो खुर्चीतून उठला नाही, असं तिनं सांगितलं. त्याच्या दोन्ही तळहातांची सालटी निघाली होती आणि मांसात लाकडाची बारीक कुसळं होती.

रात्री मीटिंगचा अहवाल काढला. स्क्रीन रविराजच्या फोनवरून शेअर झालीच नव्हती. झाली होती ती माझ्या लॅपटॉपवरून. मी एकेक परवानगी काढून टाकली. कॅमेरा, माईक, स्क्रीन. मग लॅपटॉपच कपाटात कुलपात ठेवला.

आत्यानं रविवारपासून डोळे उघडले नव्हते. मी भरवेन ते खायची, हात धरून न्यावं लागायचं. "उघडायचं न्हाईत," एवढंच म्हणायची. सोमवारी दुपारी तिला झोप लागली. तिच्या अंगावर चादर घालून मी चहा ठेवायला आत गेले.

फोन वाजला. प्रगती होती. मागं भांडी पडल्याचा आवाज येत होता.

"माधवीताई, आत्या जाग्या झाल्या का हो?"

"नाही. का गं?"

"जरा बघा की. यांचे हात परत हलायला लागलेत."