परतीचे सहा

काम तसं किरकोळ होतं. मागच्या आवारात उभ्या असलेल्या गाडीचा मीटर बघायचा, किती किलोमीटर झालेत तो आकडा विमा कंपनीच्या तपासनिसाच्या फॉर्मवर लिहायचा आणि परत यायचं. पाच मिनिटांचा मामला. दुपारचा दीड वाजला होता, जेवणाची सुट्टी झाली होती आणि वर्कशॉपात सगळे डबे उघडून बसले होते. म्हणून ते काम गोडबोल्याच्या गळ्यात पडलं.

गोडबोल्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे, वर्कशॉपनं ठेवलेलं. महागड्या गाड्यांचं वर्कशॉप ते. काउंटरवर बसून गिऱ्हाइकांच्या तक्रारी लिहून घ्यायच्या, गाडी आत पाठवायची आणि परत देताना चार गोड शब्द बोलायचे, ही त्याची नोकरी. गिऱ्हाईक लालबुंद होऊन आलेलं असलं तरी याच्याशी पाच मिनिटं बोललं की चहा पिऊन हसत जायचं. मधाचं बोट लावावं ते त्यानंच! आणि दिव्याखाली अंधार कसा बघा, त्याच्या स्वतःच्या स्कूटरचा मीटर दोन वर्षं बंद होता. "एवढाल्या गाड्या तपासतोस आणि स्वतःची एक केबल बदलवत नाही तुला," असं वायरमन त्याला उठताबसता चिडवायचा. वायरमन म्हणजे तिथला सगळ्यात जुना माणूस, गाड्यांचं वायरिंग बघणारा.

तर ती गाडी. उंच, काळी, ऐटदार. आता पुढचं एक चाक गेलेलं, काचा फुटलेल्या, लाकडी ठोकळ्यांवर टेकवून वर ताडपत्री टाकलेली. गाडी एका निवृत्त शिक्षिकेची होती. गणिताच्या बाई. जन्मभर बसनं फिरल्या, म्हणून निवृत्तीनंतर यजमानांनी हौसेनं घेऊन दिली होती. खाणीजवळच्या चढावर गाडी बंद पडली, मागे घसरली आणि कठडा तोडून खाली गेली. बाई जागच्या जागी गेल्या. त्याला आठ दिवस झाले होते.

"वय झालं होतं, एवढं मोठं धूड झेपलं नसेल," असं जो तो म्हणत होता. सगळ्यात आधी ते गोडबोल्या म्हणाला होता. आणि खरं काय ते फक्त त्यालाच माहीत होतं.

बाई तीनदा आल्या होत्या. "चढ आला की सगळे दिवे जातात हो. स्टिअरिंग दगड होतं, ब्रेक लागत नाही. दोन मिनिटांनी आपली आपण सुरू होते." कधी, कुठे, किती किलोमीटर झाले असताना, सगळं एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहून आणायच्या. पहिल्यांदा कॉम्प्युटर लावला, काही निघालं नाही. दुसऱ्यांदा बॅटरी बदलली. तिसऱ्यांदा मात्र नियम असा होता की गोडबोल्यानं स्वतः ती गाडी त्याच चढावरून नेऊन आणायची. वर्कशॉपपासून चढ चढून बाईंच्या घरापर्यंत सहा आणि परतीचे सहा, असे बारा किलोमीटर.

त्या दिवशी अशीच जेवणाची सुट्टी होती. घरी दोन महिन्यांचं बाळ, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गोडबोल्यानं काउंटरवर डोकं टेकलं ते अर्ध्या तासानं उचललं. मग कागद ओढला आणि लिहिलं: चाचणी फेरी बारा किलोमीटर. चढावर दोष आढळला नाही. खाली झोकदार सही. गाडी जागची हललीसुद्धा नव्हती.

"बाई, स्वतः चढवून आणली. लोण्यासारखी चालते," तो म्हणाला होता.

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं. तुम्ही म्हणताय ना," म्हणाल्या, आणि जाताना बाळाची चौकशी करून गेल्या.

असो. त्या दुपारी तो मागच्या आवारात गेला, ताडपत्री वर केली, सोबत नेलेल्या बॅटरीच्या चिमट्यांनी तारा जोडल्या. पडदा उजळला. मीटरवर आकडा होता १८५४१. त्यानं तो लिहिला, चिमटे काढले आणि जवळजवळ पळतच आत आला. डबा तसाच बंद केला.

दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला. तपासनिसाला आकड्याचा फोटो हवा होता. पुन्हा दीड वाजता गोडबोल्या ताडपत्रीखाली शिरला, पुन्हा पडदा उजळला. १८५५३.

काल आपणच चुकीचं लिहिलं असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःलाही मधाचं बोट लावतो, त्यात काय! पण तिसऱ्या दिवशी त्यानं वायरमनला सोबत घेतलं. कॉम्प्रेसर बंद असला की त्या आवारात एवढी शांतता असायची की पत्र्यावर चिमणी चालली तरी ऐकू यायची. दोघं फुटक्या काचेतून आत वाकले. आतून वास येत होता. रक्ताचा नाही, पेट्रोलचा नाही. खडूचा. ओल्या फळ्यावरून डस्टर फिरवल्यावर येतो तसा.

पडद्यावर १८५६५.

वायरमननं आकडा बघितला, मग गाडीखालचे ठोकळे बघितले. "थांबलेली गाडी किलोमीटर खात नाही रे बाबा," तो हळूच म्हणाला. "तीन चाकांवर ही रोज जाते कुठे? आणि बारा-बाराच का?"

खाई त्याला खवखवे. बारा कशाचे, हे गोडबोल्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्याच दुपारी, वायरमन हात धुवायला गेला असताना, बाईंचे यजमान आले. इस्त्रीचा शर्ट, पण बटणं एक घर सोडून लावलेली. गाडीतल्या तिच्या वस्तू न्यायच्या होत्या. गोडबोल्यानंच काढून दिल्या. छत्री, चष्म्याचं घर आणि ती वही.

छत्री काखेत घेऊन यजमान तिथंच उभे राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "एक विचारू? खरं सांगा... चूक तिचीच होती ना?"

गोडबोल्या ताडपत्री सारखी करायला लागला.

"ती चढानं येईचना हो. लांबून, बाजारावरून वळसा घालून यायची. मी चिडलो. तुमचा कागद तिच्यापुढे आपटला. म्हटलं, वर्कशॉपनं लिहून दिलंय, दोष गाडीत नाही, तुझ्या डोक्यात आहे. आज चढानंच ये, म्हणजे भीती मोडेल." ते थांबले. "आली बिचारी... माझ्यासाठी आली. म्हणून विचारतो. कागद खरा होता ना?"

एक वाक्य. एकच वाक्य बोलायचं होतं हो! तेवढ्यानं त्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. पण वेळ मारून नेण्याची सवय लागलेली जीभ ती. "हो काका," गोडबोल्या म्हणाला. "कागद खरा होता."

यजमानांनी मान हलवली. वही त्याच्याच हातात ठेवली. "तिचं अक्षर बघवत नाही मला. तुमच्या कामाची असेल तर ठेवा," म्हणाले आणि छत्री टेकत गेले.

वहीतली शेवटची नोंद त्यानं घरी गेल्यावर वाचली. गाडी देताना १८४०६. परत घेताना १८४०६. कागदावर फेरी १२. बेरीज जमत नाही. त्याखाली, थोडी जागा सोडून: पोरगा खोटं बोलला. विचारणार होते, विचारलं नाही. घरी तान्हं बाळ आहे, झोप होत नसेल. पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊन जाईन.

म्हणजे बाईंना माहीत होतं. माहीत असून त्या बाळाची चौकशी करून गेल्या होत्या. शेजारी बाळ शांत झोपलं होतं आणि त्या रात्री गोडबोल्याला स्वतःच्या अंगाची किळस आली.

चौथ्या दिवशी दीड वाजता त्याला कुणी पाठवलं नव्हतं. तो आपणहून गेला. चिमटे नेले नाहीत, तारा जोडल्या नाहीत. वाकडा झालेला दरवाजा ओढून तो बाईंच्या जागी बसला. वही खिशात होती. पायाखाली काचेचा चुरा करकरला. खडूचा वास आता एवढा होता की घसा कोरडा पडला.

"करतो," तो पुटपुटला. "राहिलेली फेरी करतो, बाई."

पडदा उजळला.

पाठ सीटला टेकली, मग दाबली गेली. समोर आवाराची भिंत होती, पण ती दिसेना. टायरखाली रस्ता सरकल्यासारखा आवाज यायला लागला. पहिलं वळण त्यानं अंगानं ओळखलं, दुसरंही. शेवटचा आकडा बदलत होता, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. मग चढ लागला. खाणीची धूळ नाकात गेली. एकाहत्तर. आणि सगळे दिवे गेले.

त्यानं स्टिअरिंग पकडलं, ते दगड झालेलं. ब्रेकवर पाय दिला, पाय भिंतीवर दिल्यासारखा. गाडी मागे जायला लागली. आधी हळू. मग हळू नाही.

"दाबा ब्रेक," शेजारून कुणी म्हणालं. शांत आवाज. मागच्या बाकावरच्या मुलालाही नीट ऐकू जावा असा. "पूर्ण दाबा... नाही लागत ना?"

त्याला मान वळवता येईना.

"हेच मी सांगत होते," आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

कॉम्प्रेसर धडधडला. दोन वाजले होते. गोडबोल्या आवारातच बसला होता, दोन्ही पाय ब्रेकवर रोवून, घामानं निथळत. पडदा काळाठिक्कर होता.

संध्याकाळी तो स्कूटर काढून चढ चढला आणि बाईंच्या घरी गेला. यजमानांनी दार उघडलं. तो उंबऱ्यावरच बोलून मोकळा झाला. "काका, मी गाडी हलवलीच नव्हती. झोपलो होतो. कागद खोटा आहे. चूक बाईंची नव्हती... तुमची पण नव्हती."

यजमान खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मग बसले. "म्हणजे ती खरं सांगत होती," एवढंच शेवटी म्हणाले, आणि तोंडावर हात घेतला.

थोड्या वेळानं त्यांनी टेबलावरचा कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्याल? सगळे तिला हसतात हो. म्हणतात, गणिताच्या बाई, पण गाडी कळली नाही."

इथं परत घोडं अडलं. नोकरी जाणार, चौकशी लागणार. "काका... घरी तान्हं बाळ आहे," गोडबोल्या म्हणाला. "तुम्हाला सांगितलं, ते पुरे नाही का?" आणि विषय बदलायला म्हणून त्यानं खिशातली वही काढून दिली. "बाईंनी तर मला माफ केलं होतं. वाचा."

यजमानांनी चष्मा लावला, शेवटचं पान काढलं. ओठ हलवत वाचलं. मग त्यांची भुवई वर गेली.

"ही खालची ओळ कशाची?"

"तीच ना, पुन्हा घेऊन जाईन..."

"त्याच्याखाली." यजमानांनी पानावर बोट ठेवलं आणि उचललं. बोटाला शाई लागली होती. ते सावकाश वाचायला लागले. "पोरगा आज चढापर्यंत आला. सहा झाले. परतीचे सहा राहिलेत... सोबत जाईन."

"आज म्हणजे कधी?" यजमान म्हणाले. "अक्षर तिचंच आहे. हे लिहिलं कधी तिनं?"

"काका," गोडबोल्या म्हणाला. "पेन द्या."

त्यानं सगळं लिहिलं. झोप, खोटी फेरी, खोटी सही, आणि यजमानांना आवारात दिलेलं खोटं उत्तरही. या वेळची सही झोकदार नव्हती. कागद देऊन तो खाली आला, पण स्कूटरवर बसायची त्याची छाती होईना. हँडल धरून, ढकलत, तो सगळा उतार पायी उतरला. वाटेत एकदाही मागे बघितलं नाही. फक्त एवढं जाणवलं की रिकाम्या स्कूटरच्या मानानं ती फार जड लागत होती.

नोकरी गेली, ते ओघानं आलंच. बाईंच्या नावावरचा ठपका पुसला गेला, यजमानांना झोप लागायला लागली, मोडकी गाडी भंगारात गेली. सांगून टाकलं की मन हलकं होतं म्हणतात. गोडबोल्याला तसं काही वाटलं नाही.

त्या रात्री वर्कशॉपजवळच्या आपल्या घरी, दारात स्कूटर लावताना दिव्याच्या उजेडात त्यानं मीटर बघितला होता. दोन वर्षं एकाच आकड्यावर अडकलेला, केबल तुटलेला मीटर. तो सहानं पुढे गेला होता. मागच्या सीटवर खाणीची पांढरी धूळ होती, फक्त मधोमध एका माणसाएवढी जागा स्वच्छ.

त्यानं तेव्हाच सगळी सीट फडक्यानं पुसली. नंतरही कितीदा पुसली. बाळ आता चालायला लागलंय, आणि स्कूटर अजून दारात उभीच आहे, तो चालवत नाही. धूळ काय, सगळ्या सीटवर बसते. तेवढ्या एका जागी बसत नाही.