शिळा आकडा

चंद्रावरच्या शीतल स्थानकात ताज्या आकड्याला कुणी विचारत नसे. टाकीत हवा भरली की दाबमापकाचा काटा ऐटीत वर जाई, पण वायुकोठीच्या प्रमुख उत्तरा सबनीस वहीला हात लावू देत नसत. दोन तासांनी, टाकीला हात लावून ती गार झाल्याची खात्री पटली, की मगच आकडा लिहायचा. त्याला सगळे ‘शिळा आकडा’ म्हणत. घाईच असेल तर ताज्या आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करायचा. हा नियम बाईंनीच बारा वर्षांपूर्वी घालून दिला होता, आणि आज तो त्यांच्याच लेकीच्या मुळावर आला होता.

केतकी तीस किलोमीटरवरच्या विवरात अडकली होती. गाडी घसरून फुटली, तेव्हा तिने फुगनिवारा उघडला आणि टाकीची झडप पुरती फिरवून मिनिटभरात तो फुगवला. शंभरावरचा काटा बेचाळीसवर आला. सुटकेची गाडी पोचेपर्यंत अठ्ठेचाळीस तरी हवे होते.

“बेचाळीस म्हणजे नियमाने चौतीसच,” स्थानकप्रमुख दाभाडे म्हणाले. “ताई, तिला पोशाख घालून चालत निघू दे. गाडी अर्ध्या वाटेत गाठेल.”

“त्या काळोखात? पोशाखात दोन तासांची हवा आहे, साहेब!”

“नियम तुमचाच आहे.”

बाईंनी संपर्काचं बटण दाबलं. “केतू, कशी आहेस गं?”

“बरी आहे. निवाऱ्यात पंधरा अंश आहेत. पण आई, टाकीवर पांढरं हिम धरलंय. ती अजून गोठू नये म्हणून मी माझं घोंगडं तिला गुंडाळलंय.”

“हिम?” बाई ताडकन उठल्या. “साहेब, आपण गाढव आहोत! मी तर पहिली.”

“म्हणजे?” दाभाड्यांनी विचारलं.

“सायकलला हवा भरताना पंप तापतो ना? वायू झपाट्याने दाबला की आपण केलेलं काम त्याच्यात उष्णता होऊन उतरतं. बाहेर पडायला तिला वेळच मिळत नाही. हे उष्मारोधी संपीडन. म्हणून भरलेली टाकी तापते, काटा फुगतो, आणि आपण वजा करतो.”

“हे मला पाठ आहे.”

“मग उलटं करा! टाकी झपाट्याने रिकामी झाली, तर आत उरलेला वायू बाहेर जाणाऱ्याला ढकलतो. काम तो करतो, आणि ते स्वतःच्या उष्णतेतून. तो उणे चव्वेचाळीस अंशांपर्यंत गारठला असेल. गारठलेल्या वायूचा दाब कमी. हवा कमी नाही, साहेब, काटा कमी दाखवतोय!”

दाभाड्यांनी कागद ओढला, गणित केलं, पुन्हा केलं. “त्रेपन्न?”

“जवळपास. पण टाकी पंधरा अंशांवर आली तरच. केतू, ते घोंगडं काढ! त्याने उष्णता आत जायची थांबलीय. टाकी उघडी ठेव आणि बस.”

“आणि आई, काटा नाही चढला तर?”

“चढेल. माझ्यावर विश्वास ठेव.”

अर्धा तास गेला. बाई मिटलेल्या वहीवर तळहात ठेवून बसल्या होत्या. मग ध्वनिवर्धकातून केतकीचा आवाज आला. “पंचेचाळीस.” थोड्या वेळाने, “एकोणपन्नास!” दाभाड्यांनी तिला चालत पाठवायचा बेत रद्द केला. सुटकेची गाडी आता थेट निवाऱ्याकडे निघाली.

“त्रेपन्न. पुढे हलत नाही, आई.”

“हलणार नाही. तो शिळा झाला,” बाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडून आकडा लिहिला, आणि मग त्यांना रडू आवरेना. बारा वर्षं त्यांनी सगळ्यांना वजाबाकीच तेवढी शिकवली होती.

“आई, रडतेस काय? एक विचारू?”

“विचार ना, बाळा.”

“टाकी आता निवाऱ्याइतकीच उबदार आहे. घोंगडं मी पांघरलं तर चालेल का? मघापासून मीच कुडकुडतेय.”