मागच्या दाराला आतून कडी नव्हती

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर पुढं वाचू नका. तुमच्या पटण्यावर माझं काही अडलेलं नाही.

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला पूर्वीपासून तिटकारा. अमावास्या, घुबड, पांढरी साडी. भूत जसं काही यांच्या घरी जेवायला येतं.

मी सांगतेय ते भर दुपारी घडलं.

मे महिना, १९७५. गुरुवार. सोलापूर, शुक्रवार पेठ. दुपारी एक ते तीन.

मे महिन्यात आमच्याकडं दुपारी दोनला जेवढा शुकशुकाट असतो तेवढा मध्यरात्रीही नसतो. रात्री निदान माणसं गच्चीवर झोपलेली असतात.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. वेणीमाधव. सरकारी कचेरीत कारकून. दिवसभर फायलींना फिती बांधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन जगाची अक्कल काढायची, हा त्यांचा दिनक्रम.

त्यांनी कुठल्याशा विलायती मासिकात एक चित्र पाहिलं. छोटी व्हॅन, आत गादी, खिडक्यांना पडदे, आणि एक गोरं जोडपं टेबलाशी बसून चहा पितंय.

झालं. आम्हीही तसंच फिरणार, असं ठरलं. स्कूटर चालवताना ज्यांचे दोन्ही पाय रस्त्यावर घासत असायचे, त्यांनी ठरवलं.

मार्चमध्ये एका लिलावातून त्यांनी मॉरिसची जुनी छोटी व्हॅन आणली. आणली म्हणजे बैलगाडीला बांधून आणली. सगळी पेठ बघायला उभी. हे पुढं चालतायत, डोळ्यांना काळा चष्मा.

गाडी पुढून बेडकासारखी. मागं पत्र्याचा बंद खोका. ड्रायव्हरच्या पाठीशी पत्र्याचीच भिंत. मागं दोन दारं. खिडकी एकही नाही.

"आधी कुणाची होती?" मी विचारलं.

"कुणा ठेकेदाराची. बहात्तरच्या दुष्काळात कामांवर फिरायची म्हणे."

"काय न्यायची?"

"सामान न्यायची. तुला काय करायचंय?"

मला काहीच करायचं नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की माझं मागचं अंगण गेलं. धुणं वाळत घालायची दोरीसुद्धा त्यांनी काढून टाकली.

एक मात्र कबूल करते. हात चालायचा त्यांचा. सव्वा महिना रोज संध्याकाळी गाडीखाली झोपून, पुस्तकं वाचून, बाजारातून सुटे भाग गोळा करून त्यांनी ते इंजिन सुरू केलं. मी कौतुक केलं नाही. "धूर फार येतोय," एवढंच मी म्हणाले.

मग पहिली गोष्ट घडली.

सकाळी रेडिएटरमध्ये पाणी भरायचं. संध्याकाळी झाकण उघडलं की... कोरडा.

गाडी जागची हललेली नाही. खाली माती कोरडी. एक थेंब नाही.

त्यांनी पाइप बदलले. रेडिएटर काढून झाळून आणला. दुकानात पाणी भरून रात्रभर ठेवला, तर काठोकाठ तसाच. घरी बसवला, की दुसऱ्या संध्याकाळी रिकामा.

आम्हाला नळाला सकाळी एक तास पाणी यायचं. मी घागरी भरून ठेवायची आणि हे ते पाणी लोखंडाला पाजायचे. माझा संताप व्हायचा. भीती वगैरे काही नाही. संताप.

"इंजिनिअर झालात ना? मग शोधा गळती," मी म्हणायची.

ते पुन्हा गाडीखाली सरकायचे.

दुसरी गोष्ट रंगाची.

मागच्या दारांना आतल्या बाजूनं, एका जागी, तळहाताएवढा रंग उडालेला होता. पत्रा घासून गुळगुळीत झालेला. उभ्या माणसाच्या उंचीवर नव्हे. आत बसलेल्या माणसाच्या.

त्यांनी पॉलिश कागदानं घासून तिथं दोन हात क्रीम रंग दिला. छान बसला.

चौथ्या दिवशी... त्याच जागी रंग नव्हता.

पुन्हा दिला. पुन्हा गेला. खाली रंगाचा कपचा नाही, भुकटी नाही. होता आणि नव्हता.

"भेसळ," ते म्हणाले. "हल्ली रंगातसुद्धा भेसळ."

आतलं लाकूडकाम करायला ईश्वरप्पा सुतार यायला लागला. अक्कलकोटकडचा. निम्मं कानडी, निम्मं मराठी. शांत माणूस. आत झोपायची फळी, घडीचं टेबल, भिंतींना प्लायवूड, वर रेक्झिन असं सगळं करायचं होतं. नंतर बाजूला खिडक्या कापायच्या होत्या. त्यांच्या काचा पुण्याहून यायच्या होत्या. यांना काचसुद्धा सोलापुरातली चालत नव्हती.

मागच्या दारांना मूठ फक्त बाहेरून होती. आतून उघडायची सोयच नव्हती. सामानाला कशाला लागते? ईश्वरप्पानं पहिल्याच दिवशी आतून पितळी कडी बसवली.

तो रोज माझ्याकडून तांब्याभर पाणी घेऊन आत ठेवायचा. आठवड्यानं एकदा दुपारी तो मागच्या ओसरीशी येऊन उभा राहिला.

"अक्का, अजून पाणी मिळंल का?"

"आत्ता तर दिलं तांब्याभर."

"मी प्यालो न्हाय."

"मग कोण प्यालं?"

त्यानं तांब्या पुढं केला. मी आत बोट फिरवलं. ओलसुद्धा नव्हती.

त्यानंतर तो तांब्या झाडाखाली ठेवायला लागला. तिथं पाणी राहायचं. गाडीत ठेवलं की जायचं. त्यानं मला दोनदा करून दाखवलं. मी म्हटलं, ऊन आहे, वाफ होते. शाळेत शिकले होते मी. अकरावी पास होते. सुताराचं काय ऐकायचं?

बुधवारी तो काम अर्धं टाकून बाहेर आला. यांची त्या दिवशी रजा होती. तो सरळ त्यांच्यासमोर उभा राहिला.

"मालक, माझ्यानं हुनार न्हाय. दुसरा सुतार बघा."

"का? काय झालं?"

"प्लायच्या मागनं कुनीतरी थापटतंय."

"पत्रा तापला की वाजतो, ईश्वरप्पा."

"पत्रा वाजतो तसं न्हाय. हात हाय त्यो. तीन येळा वाजवतंय, मग थांबतंय. ऐकायला कोन हाय का बघतंय जनू."

वेणीमाधव हसले. अडाणी, अंधश्रद्धाळू, देश पुढं कसा जाणार, सगळं बोलून झालं. ईश्वरप्पा खाली मान घालून ऐकत होता. शेवटी हे म्हणाले, "मी स्वतः दोन तास आत बसून दाखवतो. दारं लावून. मग तर येशील कामावर?"

मी ओसरीतच होते. मला त्यांचं ते वाक्य इतकं पोकळ वाटलं.

"बसा ना मग," मी म्हणाले. "नुसतं बोलून कशाला दाखवता? बोलायला काय, रोजच बोलता."

सुतारासमोर म्हणाले मी हे. मुद्दाम.

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "उद्या," म्हणाले. "ईश्वरप्पा, उद्या तीनला ये आणि तूच दार उघड."

गुरुवारी त्यांनी रजा वाढवली. एक वाजता जेवण झाल्यावर पाण्यानं भरलेला तांब्या घेतला, पेला घेतला, वर्तमानपत्र घेतलं, बॅटरी घेतली. आत गेले. दारं ओढून घेतली. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

मी ओसरीत टोपली घेऊन शेंगा फोडायला बसले. गाडी माझ्यापासून पंधरा पावलांवर.

आसपास चिटपाखरू नव्हतं. शेंगांचा आवाज तेवढा.

अर्धा तास गेला असेल.

थप... थप... थप...

तीनदा. मग थांबलं.

मी हात थांबवला. मग हसले. केवढा पोरकटपणा. बायकोला घाबरवायला गाडीत बसून दार वाजवतायत.

थप... थप... थप...

जोरात नव्हतं. घाई नव्हती. सपाट हातानं, दमून वाजवल्यासारखं.

मी शेंगा फोडत राहिले. ते वाजत राहिलं. प्रत्येक वेळी तीन थापा आणि मग मोठी शांतता. ईश्वरप्पा म्हणाला होता तशीच. कुणीतरी ऐकतंय का, ते बघणारी.

शेवटी मी बसल्या जागेवरून ओरडले, "बास झालं नाटक. आतून कडी आहे. यायचं तर या बाहेर."

त्यानंतर एकच थाप आली.

मग काही नाही.

मला बरं वाटलं. जिरली एकदाची, असं वाटलं.

तीनला ईश्वरप्पा आला. त्यानं बाहेरून हाक मारली. "मालक..." उत्तर नाही. त्यानं मूठ धरली. दार एका बोटानं उघडलं. आतली कडी काढलेली होती.

वेणीमाधव दाराशीच बसले होते. पाठ प्लायवूडला, पाय पसरलेले. डोळे उघडे. ओठ पांढरे, भेगा पडलेले. अंगावरचा शर्ट कोरडा होता. आत भट्टीसारखी धग आणि माणसाच्या अंगाला घामाचा थेंब नाही.

तांब्या आडवा पडला होता. तोही कोरडा.

ईश्वरप्पानं त्यांना खांद्यावर घेतलं आणि रिक्षापर्यंत पळत नेलं. मी मागं राहिले, चप्पल शोधत. तेव्हा माझी नजर दाराच्या आतल्या बाजूला गेली. आदल्याच दिवशी दिलेला रंग... तेवढ्या जागेवरचा पुन्हा गेला होता. मी रिक्षात बसल्यावर त्यांचे दोन्ही तळहात उलटून पाहिले. स्वच्छ. रंगाचा कण नाही. लालीसुद्धा नाही.

ऊन लागलं, डॉक्टर म्हणाले. अजून पाऊण तास गेला असता तर संपलं असतं.

तिसऱ्या दिवशी ते बोलायला लागले. त्यांनी पहिला प्रश्न मला विचारला.

"तू कुठं होतीस?"

"आत, माजघरात," मी म्हणाले. "डोळा लागला होता. काही ऐकूच आलं नाही."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग कूस बदलली.

घरी आल्यावर त्यांनी गाडीकडं ढुंकून पाहिलं नाही. मी भंगारवाल्याला बोलावलं. त्याला सांगितलं, आधी मागची दोन दारं काढ, इथंच काढ, मग न्यायची ती ने. तो हसला. हसू दे. मी उभी राहून काढून घेतली.

त्या संध्याकाळी अंगण मोकळं झालं. हे ओसरीत येऊन बसले आणि आपणहून बोलायला लागले.

"मी दार वाजवलं नाही, प्रभा."

मी पदराला हात पुसले.

"कडी मी काढली होती. नुसतं ढकललं असतं तर बाहेर आलो असतो. पण ढकलावंसं वाटलंच नाही. मला त्या वेळी पक्कं ठाऊक होतं की या दाराला आतून कडी नसते. कुणीतरी बाहेरून उघडेल तेव्हाच ते उघडतं."

"मग वाजवत कोण होतं?"

"होती एक बाई. दिसली नाही. माझ्या शेजारीच बसली होती, भिंतीला टेकून. मी पेला तोंडाला लावायचो आणि तो रिकामा असायचा. मी तिला म्हटलं, माझी बायको बाहेर आहे, ती उघडेल. मग तुझा आवाज आला. बास झालं नाटक."

मी दवाखान्यात खोटं बोलले, तेव्हा हे त्यांना ठाऊक होतं.

"त्यावर ती काय म्हणाली माहीत आहे?"

"नका सांगू."

त्यांनी सांगितलं. तिच्याच बोलीत सांगितलं. यांना ती बोली नीट बोलता यायची नाही एरवी, नक्कल करायला गेले की फजिती व्हायची.

"तवाबी भायेरनं असंच म्हनले हुते. नाटक करती, म्हनले."

रागानं नाही म्हणाली, असं ते म्हणाले. नळाला पाणी आलं, असं एखादीनं सांगावं तशी म्हणाली.

पुढं ते एकवीस वर्षं जगले. कुठल्याही खोलीचं दार लावून घेतलं नाही. न्हाणीघराचंसुद्धा नाही. जावा-नणंदा हसायच्या. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

ती बाई कोण, ते मी शोधलं नाही. ठेकेदाराचं नाव लिलावाच्या कागदावर असेल. कागद मी उघडला नाही. दुष्काळात कामावरच्या बाईला ऊन लागलं असेल, सावलीला म्हणून गाडीत बसवलं असेल... किंवा दुसरंच काही असेल. तुम्ही लावा तर्क. तुम्हाला त्यातच मजा येते.

मला ती तितकी छळत नाही. मला छळतं ते बाहेरचं माणूस. जे म्हणालं, नाटक करती. थापा थांबल्यावर त्यानं काय केलं असेल? उठून दाराशी गेलं असेल का?

मी गेले नव्हते. टोपलीत बऱ्याच शेंगा उरल्या होत्या. मी त्या सगळ्या फोडून संपवल्या... आणि मग घड्याळात पाहिलं.